गाण्यातले शब्द आणि गाण्याची चाल: मेंदू त्यांना वेगळं कसं करतो?

ओळखीचं एखादं गाणं नुसतं कुजबुजून म्हणून बघा. शब्द न् शब्द कळतो, चाल मात्र गायब. तेच गाणं ओठ मिटून गुणगुणा, की चाल चटकन ओळखू येते आणि शब्द एकही हाती लागत नाही. एकाच गळ्यातून एकाच वेळी निघतात म्हणून शब्द आणि चाल आपल्याला एकजीव वाटतात, पण मेंदू त्यांना वेगवेगळ्या खुणांवरून ओळखतो.

शब्दाची खूण मुख्यतः काळात असते. 'ब' म्हणताना स्वरतंतू ओठ उघडण्याच्या आधीच थरथरू लागतात, 'प' म्हणताना तसं होत नाही. सगळा फरक सेकंदाच्या काही शतांश भागांचा. चालीची खूण स्वराच्या उंचीत असते. गंधार शुद्ध लागला की कोमल, हे कळायला कंपनांमधला बारीक फरक टिपावा लागतो आणि त्यासाठी सूर क्षणभर तरी ठरावा लागतो.

गणपतीच्या आरतीत 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' झालेलं गल्लोगल्ली ऐकू येतं. म्हणणाऱ्यांची चाल मात्र अगदी बरोबर असते. टाळ-झांजांच्या गजरात व्यंजनं सहज बुडतात, लांबवलेले सूर वर राहतात. 'ण'चा 'ळ' आणि 'ब'चा 'व' व्हायला तेवढं पुरतं. उरलेलं काम मेंदू स्वतःच करतो: अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा बसवतो.

हा फरक मेंदूत नेमका कुठे दिसतो, हे मॉन्ट्रियलमधल्या फिलिप आल्बुई, रॉबर्ट झातोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये फार सुंदर रीतीने दाखवलं. त्यांनी 10 वाक्यं आणि 10 चाली घेतल्या आणि प्रत्येक वाक्य प्रत्येक चालीत गाऊन घेतलं. वाद्यांच्या साथीशिवायची 100 छोटी गाणी तयार झाली. मग त्यांतला आवाज दोन तऱ्हांनी बिघडवला. काळातले बारकावे पुसले, तेव्हा ऐकणाऱ्यांना शब्द ओळखेनात, चाल मात्र कळत राहिली. कंपनांचे बारकावे पुसले, तर उलट झालं. एमआरआयमध्ये शब्दांचा माग डाव्या श्रवणकेंद्रात लागला, चालीचा उजव्या.

यावरून 'डावा मेंदू भाषेचा, उजवा संगीताचा' असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. वाटणी भाषा आणि संगीत यांची नाही, आवाजातल्या दोन गुणांची आहे. ताल हा संगीताचाच भाग, पण तोही काळातच असतो. शिवाय अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांवरच्या 2022 मधल्या अभ्यासात असे पेशीसमूह सापडले, की जे गायनाला जोरदार प्रतिसाद देतात, पण नुसत्या बोलण्याला किंवा नुसत्या वाद्यसंगीताला तितका देत नाहीत. म्हणजे वाटा वेगळ्या असल्या तरी कुठेतरी त्या भेटतात.

दोन्ही खरोखर वेगळ्या आहेत याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा आजारपणातून मिळतो. रशियन संगीतकार विसारिओन शेबालिन यांना 1953 आणि 1959 मध्ये पक्षाघाताचे झटके आले. दुसऱ्यानंतर बोलणं आणि बोललेलं समजणं, दोन्ही फार अवघड झालं. संगीतरचना मात्र चालूच राहिली. त्यांची पाचवी सिम्फनी 1962 मध्ये पूर्ण झाली, पुढच्या वर्षी ते गेले. याच्या उलट टोकाला जन्मजात अम्युझिया, म्हणजे जन्मापासूनच चाल न कळण्याची उणीव, असलेली माणसं. त्यांना शब्द ऐकले की गाणं ओळखता येतं, नुसती चाल वाजवली तर येत नाही. बेसूर गाणं म्हणजे अम्युझिया नव्हे, हेही लक्षात ठेवावं. बेसूर गाणाऱ्या कितीतरी जणांना दुसऱ्याचा चुकलेला सूर बरोबर कळतो. गळ्याला कानाचं ऐकता येत नाही, एवढंच.

वाचाघात (मेंदूला इजा होऊन बोलणं बिघडणं) झालेल्या घरच्या माणसाने पाणी मागताना अडखळावं आणि आरती मात्र सलग म्हणावी, याने नातेवाईक हरखून जातात. ते स्वाभाविकच आहे. पण पाठ असलेली आरती म्हणणं आणि मनातलं वाक्य जुळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पाठ झालेले शब्द ओळीने एकमेकांना ओढत येतात, नवं वाक्य दर वेळी नव्याने बांधावं लागतं. म्हणून 1973 मध्ये बोस्टनच्या तज्ज्ञांनी मांडलेल्या उपचारात जुनी गाणी गाऊन घेत नाहीत. 'पाणी दे' यासारखी रोजच्या गरजेची छोटी वाक्यं दोनच सुरांत, लांबवून म्हणवतात आणि दर अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका धरायला लावतात. रुग्ण सावरत जातो तसे सूर कमी करत नेहमीच्या बोलण्याकडे आणतात. यातला मोठा वाटा सुरांचा नसून ठेक्याचा असावा, असं 2011 मधल्या एका जर्मन अभ्यासाने सुचवलं. त्यामुळे घरी सराव करताना रुग्णाला सूर लागला नाही तरी चालेल, ठेका मात्र सोडू देऊ नये. काय म्हणवून घ्यायचं आणि किती वेळ, हे वाचा-उपचारतज्ज्ञांना विचारून ठरवावं.