नैतिकता समिती (मानवी सहभागाचे संशोधन)

माणसांच्या सहभागाने होणाऱ्या संशोधनाचा आराखडा काम सुरू होण्यापूर्वी तपासणारी आणि काम संपेपर्यंत त्यावर देखरेख ठेवणारी विद्यापीठाची, महाविद्यालयाची किंवा रुग्णालयाची समिती. नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स या रुग्णालयांच्या परिसरात ती ‘एथिक्स कमिटी’ याच नावाने ओळखली जाते.

नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर केलेल्या प्रयोगांच्या खटल्यातून १९४७ साली माणसांवरील प्रयोगांसाठी नैतिक नियम घालून देणारी न्यूरेंबर्ग संहिता आली आणि १९६४ मध्ये डॉक्टरांच्या जागतिक संघटनेचा त्याच विषयावरचा हेलसिंकी जाहीरनामा. भारतात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे, आणि नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम लागू आहेत.

समितीत ७ ते १५ सदस्य असतात; अध्यक्ष संस्थेबाहेरचा आणि सदस्य सचिव संस्थेतला असतो. डॉक्टरांबरोबर कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. या शेवटच्या सदस्याला दुय्यम समजण्याची चूक होते. वास्तविक ‘ही ओळ मला कळली नाही’ हे त्याचे वाक्य अनेकदा सर्वांत मोलाचे असते, कारण जे त्याला कळत नाही ते रुग्णालाही कळणार नसते.

नागपुरात या कामाची खरी कसोटी संमतीपत्रावर लागते. येथे गडचिरोली, गोंदियापासून छिंदवाडा, बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात आणि त्यांच्यात मराठी, हिंदी, गोंडी बोलणारे असतात. इंग्रजी मसुद्याचे शब्दशः भाषांतर त्यांच्या उपयोगाचे नसते. ‘१० मिलिलिटर रक्तनमुना’ याऐवजी ‘दोन चहाचे चमचे रक्त’ असे लिहिले तर ते समजते. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा लागतो. ‘नाही म्हटले तरी तुमच्या उपचारात फरक पडणार नाही’ हे वाक्य पत्रकात नुसते छापून भागत नाही, ते तोंडी सांगावे लागते. डॉक्टरांपुढे नाही म्हणण्याची सवय आपल्याकडे फार थोड्यांना आहे. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते, पण केवळ पैशासाठी कोणी होकार द्यावा इतकी रक्कम देता येत नाही.

पूर्व विदर्भात लक्षणीय प्रमाणात आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या अभ्यासात गोपनीयतेचा प्रश्न आणखी नाजूक होतो. हा आजार आनुवंशिक असल्यामुळे एकाचा अहवाल भावंडांविषयीही बोलतो, आणि ‘वाहक’ (स्वतः आजारी नसली तरी आजार मुलांकडे जाऊ शकतो अशी व्यक्ती) हा शिक्का मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात आडवा येऊ शकतो. म्हणून नमुन्यावर नाव न घालता सांकेतिक क्रमांक घालणे आणि अहवाल कोणाला, कसा सांगायचा हे आधीच ठरवणे आवश्यक असते.

जोखीम नगण्य असलेल्या सर्वेक्षणांना पूर्ण बैठकीची गरज नसते. औषधचाचणीत गंभीर दुष्परिणाम झाल्यास मात्र २४ तासांत समितीला कळवावे लागते आणि समिती संशोधन थांबवू शकते. लहान मुलांसाठी पालकांची संमती लागते, ७ वर्षांपुढील मुलांचा स्वतःचा होकारही लागतो. आणि अनेक वर्षे चालणाऱ्या अभ्यासात ते मूल १८ वर्षांचे झाले की त्याला नव्याने विचारावे लागते.