व्हाइटमेटलची जुनी लोको किटं

व्हाइटमेटल लोको किट म्हणजे वाफेच्या इंजिनाचं मॉडेल घरच्या टेबलावर जोडता यावं म्हणून डब्यात घालून विकलेले ओतीव धातूचे सुटे भाग. हा प्रकार मुळात ब्रिटनचा आणि त्याचा जोर साधारण १९५० ते १९८० या दशकांत. केज, विल्स फाइनकास्ट, जेम, बेक, नंतर डीजेएच ही त्यातली ओळखीची नावं. तेव्हा ट्रायँग आणि हॉर्नबी डब्लो या मॉडेल रेल्वेच्या ब्रँडची तयार इंजिनं मिळायची पण मोजक्याच प्रकारांची, आणि खऱ्या रुळांवर तर जुन्या रेल्वे कंपन्यांच्या काळापासूनचे शेकडो प्रकार धावत होते, त्यामुळे आपल्या गावच्या स्टेशनवरून रोज जाणारं तेच इंजिन ज्याला हवं होतं त्याच्यापुढे किट जोडण्याशिवाय फारसा पर्याय नव्हता. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मेन लाइनवरची वाफ संपली, त्यानंतर तर ते इंजिन बहुतेक वेळा फोटोत आणि अशा डब्यांतच उरलं.

व्हाइटमेटल म्हणजे कथील, शिसं आणि अँटिमनी यांचा मिश्रधातू, काहींत थोडं बिस्मथही असतं. तो कमी उष्णतेला वितळतो म्हणून पोलादी डाय लागत नाही, रबराच्या गोल साच्यात ओतून साचा गरागरा फिरवला की धातू कडेपर्यंत पोचतो आणि रिव्हेटसुद्धा उठून दिसतात. हे काम दोन-तीन माणसांच्या वर्कशॉपात होत होतं, म्हणूनच एवढे प्रकार निघाले. तोटा म्हणजे जाडी. १:७६ स्केलमध्ये १ मिमी जाडीचा केबचा (ड्रायव्हरच्या खोलीचा) पत्रा म्हणजे खऱ्या इंजिनावर ७६ मिमी, तीन इंच! म्हणून केबची दिसणारी कड आतल्या बाजूने कानशीने तिरकी घासून पातळ भासवायची, एवढ्या एकाच गोष्टीने मॉडेल कितीतरी सुधारतं. वजन मात्र या धातूचा खरा गुण आहे, प्लास्टिकचं हलकं इंजिन जिथे चाकं नुसती फिरवत बसतं तिथे हे जड इंजिन डबे ओढून नेतं.

बरीच किटं नुसत्या बॉडीची असायची आणि खाली तयार चासी, म्हणजे मोटर आणि चाकं असलेला सांगाडा घालायची, विशेषतः ट्रायँगच्या जिंटी या ०-६-० (फक्त सहा मोठ्या, जोडलेल्या चाकांच्या) इंजिनाची. चासी बदलत नाही म्हटल्यावर कधीकधी बॉडीच जराशी ओढूनताणून बसवलेली असते, हे ड्रॉइंग शेजारी ठेवलं की लगेच कळतं. त्यात ओओ गेजची, म्हणजे ब्रिटनमधल्या रूढ मॉडेल मापाची तडजोड आहेच. स्केल फुटाला ४ मिमी, म्हणजे हेच १:७६, मग दोन रुळांमधलं अंतर १८.८३ मिमी हवं, पण वापरतात १६.५, कारण ब्रिटिश इंजिनं युरोपातल्यांपेक्षा अरुंद आणि सुरुवातीच्या काळातल्या मोटरी मोठ्या, म्हणून बॉडी मोठी केली आणि रूळ एचओ या युरोपातल्या लहान मापाचाच ठेवला. (आपला ब्रॉडगेज याच स्केलला २२ मिमी होतो, त्यामुळे ओओ चासीवर भारतीय इंजिन उभं करायचं तर ते फारच पाय जुळवून उभं राहिल्यासारखं दिसतं.)

जोडताना सोल्डर नेहमीचं चालत नाही. साधी सोल्डरिंग आयर्न ३५० अंशाच्या आसपास तापते आणि टेकवल्याबरोबर चिमणीचा गोळा होतो, म्हणून ७० अंश सेल्सिअसला वितळणारं खास सोल्डर, तापमान कमी करता येणारी आयर्न आणि फॉस्फोरिक अॅसिडचा पातळ फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा द्रव) वापरतात. पितळेला हे सोल्डर सरळ धरत नाही, आधी पितळेवर साध्या सोल्डरचा पातळ थर द्यावा लागतो. काम झालं की धुवायचं, फ्लक्स राहिला तर रंगाखालून वर येतो. कानशीच्या भुश्यात शिसं असतं, तेव्हा ओल्या कापडाने टेबल पुसणं आणि हात धुतल्याशिवाय काही न खाणं हे पाळायचंच.

जुनं इंजिन पुन्हा उभं करणं

आज हाती येतात ती बहुतेक कुणीतरी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी जोडलेली, गोंदाचे ओघळ, ब्रशने दिलेला जाड रंग, वाकडी केब अशा अवस्थेतली. माझ्या मते अशा इंजिनावर वरवर लांबी भरून रंग मारण्यात अर्थ नाही, पूर्ण सुटं करायचं. आणि या धातूची गंमत अशी की ते सुटं होतं. मोटर आणि चाकं काढून कमी उष्णतेच्या सोल्डरने जोडलेली बॉडी उकळत्या पाण्यात सोडली की सांधे आपोआप सुटतात, कारण पाणी १०० अंशावर, सोल्डर ७० वर, आणि ओतीव भाग वितळायला त्याहून कितीतरी जास्त लागतं. भांडं मात्र या कामासाठी वेगळंच ठेवायचं, स्वयंपाकात परत नाही. इपॉक्सी असेल तर तेही उकळत्या पाण्यात मऊ पडतं, सुपरग्लू अॅसिटोनने सुटतो. पूर्वी लोक मिथिलीन क्लोराइडचं पेंट रिमूव्हर वापरत, ते विषारी असल्याने बऱ्याच देशांत घरगुती विक्रीतून काढलंय.

नंतर बॉडी बाजूला ठेवून आधी चासी. काचेवर ठेवून सगळी चाकं टेकतात का ते बघायचं. मग क्वार्टरिंग, म्हणजे एका बाजूचा क्रँक (चाकावरची रॉड लावायची खीळ) दुसऱ्या बाजूच्या ९० अंश पुढे आणि हे सगळ्या एक्सलना अगदी सारखं, नाहीतर चाकांना जोडणारे रॉड अडकतात आणि इंजिन लंगडतं. रॉमफर्ड ब्रँडच्या चाकांत एक्सलचं टोक चौकोनी असतं म्हणून ते आपोआप जुळतं. रॉड एकेक जोडी लावत बोटाने ढकलून बघायचं, कुठे अडतंय ते तिथल्या तिथे कळतं, सगळे एकदम लावले की दिवसभर शोधत बसा.

मोटर शक्यतो जुनीच ठेवावी असं मला वाटतं. ट्रायँगची १२ व्होल्टची एक्स०४ साफ करून, नवे ब्रश घालून पुन्हा छान चालते, फक्त तिचा मॅग्नेट उगाच काढू नये, लोखंडी पट्टी न लावता बाहेर काढला की त्याची ताकद जाते. गेलीच तर निओडिमियमचे छोटे मॅग्नेट बसवतात.

चासीचा ओतीव ठोकळा मात्र जस्ताचा, मझाकचा असतो, त्यात शिशाची भेसळ राहून गेली असेल तर तो आतून फुगून तडकतो आणि त्याला इलाज नाही, नवी चासीच लागते. हा रोग बॉडीला होत नाही, पण शिसं जास्त असलेल्या भागांवर लाकडाच्या किंवा पुठ्ठ्याच्या बंद पेटीतल्या आम्ल वाफेने पांढरी भुकटी धरते, म्हणून मूळ डबा जपायचा असेल तर जपावा, इंजिन त्यात वर्षानुवर्षं बंद करून ठेवू नये.