गरोदरपणातला शुगरचा सेन्सर : डावी कूस आणि रात्रीचा ‘लो’

शुगरचा सेन्सर म्हणजे दंडाला चिकटवायचं, साखरेचा आकडा मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र. तो मोबाईलला कसा जोडायचा, पहिला तासभर आकडा का येत नाही, हे बसवताना आम्ही दाखवतोच. हे पत्रक वेगळ्याच कारणासाठी काढलंय. दुकान उघडायच्या आधीच फोन येतो, “रात्री तीनला शुगर ‘लो’ म्हणजे कमी, 52 दाखवलं, घाबरून साखरपाणी पाजलं, सकाळी उपाशीपोटी 160! सेन्सर खराब आहे, बदलून द्या.”

आम्ही विचारतो, ताई कुठल्या कुशीवर झोपतात? डाव्या. डॉक्टरांनीच तसं सांगितलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. मग सेन्सर कुठल्या दंडाला? तोही डाव्याच.

सेन्सर थेट रक्तातली साखर मोजत नाही. कातडीखाली जेमतेम अर्धा सेंटीमीटर गेलेली त्याची तार पेशींभोवतीच्या पाण्यातली साखर मोजते. दंडावर अंगाचा भार आला की तिथं नीट रक्त पोचत नाही आणि आकडा घसरतो. मोबाईलवरच्या आलेखात ते ओळखू येतं. सरळ चाललेली रेघ विहिरीत पडल्यासारखी खाली जाते आणि कूस बदलली की तशीच वर येते. ‘लो’ खोटा असतो, पण पाजलेलं साखरपाणी खरं असतं. ते सकाळच्या आकड्यात उतरतं, आणि तो आकडा बघून डॉक्टर रात्रीचं इन्सुलिन वाढवण्याचा विचार करतात. आमची काळजी ती आहे.

म्हणून गरोदर ताईंना आम्ही सेन्सर उजव्या दंडाच्या मागच्या बाजूलाच लावतो. “कामाचा हात आहे, अडचण होईल” असं बऱ्याच जणी म्हणतात. दोन दिवसांत सवय होते.

तरीही रात्री अलार्म वाजला तर? थरथर, घाम, गरगर असेल तर वाट बघू नका. तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी बोट टोचून बघा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. काहीच त्रास नसेल तर कूस बदला, हात धुवा आणि लगेच बोट टोचा. ग्लुकोमीटरवरही 70 च्या खाली आलं तर साखर द्या.

हात धुवा हे उगाच म्हणत नाही. तासगावकडच्या एक ताई घरी बेदाणे निवडून तशाच आल्या होत्या. आमच्यासमोर बोट टोचलं, 240. साबणानं हात धुऊन, पुसून पुन्हा टोचलं, 104. नुसतं सॅनिटायझर चोळून बोटाची साखर नीट जात नाही.

घट्ट बाहीचा ब्लाऊज काढताना सेन्सर उपटतो. डोहाळजेवणाला त्या दंडात वाकी घालू नका, तिचाही दाब पडतो. वरून चिकटवायची पट्टी आमच्याकडे मिळते. घाम फार येत असेल तर ती घ्याच.

मोबाईलवर दिसणारी 70 ते 180 ही योग्य साखरेची मर्यादा इतर पेशंटसाठी असते. गरोदरपणात सेन्सरसाठी साधारण 63 ते 140 धरतात. बोट टोचून बघताना उपाशीपोटी 95 च्या खाली, जेवणानंतर तासानं 140 च्या आणि दोन तासांनी 120 च्या खाली. तुमचे आकडे डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्सुलिनचं युनिट आम्ही कधीही सांगत नाही, कृपया आग्रह करू नका.

लावलेला सेन्सर दुसऱ्याला लावता येत नाही, म्हणून आम्ही तो परत घेत नाही. खरंच बिघाड असेल तर कंपनीकडे तक्रार आम्ही स्वतः नोंदवतो, पण त्यासाठी सेन्सर आणि नंबर असलेला खोका लागतो. दोन्ही टाकून देऊ नका.

नुसत्या पथ्यावर शुगर ताब्यात असेल तर बहुतेकींना ग्लुकोमीटर पुरतो, सेन्सरचा खर्च करायची गरज नसते. इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

बसवायला येताना सैल बाही घाला, दंडाला तेल लावू नका, डॉक्टरांची चिठ्ठी आणि रोजचा मोबाईल बरोबर आणा. बसवायचे वेगळे पैसे नाहीत.