हौशी रग्बी लीग, इंग्लंड (१९७३–८३)

उत्तर इंग्लंडमधील तेरा खेळाडूंच्या रग्बीचा बिनपगारी संसार मोडकळीला आला होता. तो ज्या दहा वर्षांत पुन्हा उभा राहिला, ती ही वर्षे. १९७३ मध्ये हडर्सफील्ड येथे ‘ब्रिटिश अ‍ॅमॅच्युअर रग्बी लीग असोसिएशन’ (पुढे सर्वतोमुखी ‘बार्ला’) स्थापन झाली, तेथून हे दशक मोजतात.

हडर्सफील्डचे नाव या इतिहासात दुसऱ्यांदा येते. पहिल्यांदा आले ते २९ ऑगस्ट १८९५ रोजी, तेथील जॉर्ज हॉटेलातील बैठकीमुळे. यॉर्कशर-लँकशरमधील खाणकामगार किंवा गिरणीकामगार शनिवारी सामन्याला गेला की त्याचा रोज बुडे. तो भरून द्यायला रग्बीची तेव्हाची नियामक संस्था, रग्बी युनियन, हिने नकार दिला आणि उत्तरेकडचे क्लब वेगळे झाले. १९०६ मध्ये त्यांनी संघ पंधरावरून तेरा जणांचा केला व खेळ निराळाच झाला; हाच रग्बी लीग, आणि पंधरा जणांचा जुना तो रग्बी युनियन. (मुंबईच्या जिमखान्यावर दिसते ती रग्बी युनियन परंपरेतली, लीगशी आपला परिचय जवळजवळ नाहीच.)

गंमत अशी, की पैशाच्या प्रश्नावरून फुटलेल्या या खेळात बहुतेकांच्या हाती पैसा कधी पडलाच नाही. खाणवस्तीतला, चर्चच्या संघातला किंवा कोपऱ्यावरच्या पबच्या संघातला पोरगा फुकटच खेळे. तरी लीगच्या मैदानावर एकदा उतरला की युनियनच्या लेखी तो बाटला, आणि युनियनचे दरवाजे त्याला जन्मभर बंद होत. दुसरीकडे त्याच्या स्वतःच्या खेळाची मध्यवर्ती संस्था, रग्बी फुटबॉल लीग, गुंतलेली होती व्यावसायिक क्लबांच्या व्यवहारात. हौशी खेळाडूला वाली कोणी नव्हता.

१९७३ पर्यंत दीडशेहून कमी हौशी संघ उरले होते, आणि तरुणांचे संघ जेमतेम तीस. मॉरिस ओल्डरॉइड, टॉम कीव्हनी आदी मंडळींनी वेगळी चूल मांडली ती या धास्तीने. मध्यवर्ती संस्थेला ते अर्थातच रुचले नाही. नव्या संघटनेला मान्यता द्यावी का, यावर क्लबांचे मतदान झाले तेव्हा विरोधात २९ मते पडली आणि बाजूने एक, वर्किंग्टन टाउनच्या टॉम मिचेल यांचे. वर्षभरात हेच चित्र ३०–० असे उलटले. हृदयपरिवर्तन वगैरे म्हणण्यापेक्षा सरकारी क्रीडा परिषदेचे अनुदान थांबण्याची भीती हे कारण अधिक खरे. १९७४ मध्ये डेव्हिड ऑक्स्ली रग्बी फुटबॉल लीगचे सचिव झाले आणि संबंधही निवळले.

क्लबांची नावे वाचली तरी हा समाज कळतो. पिल्किंग्टन रेक्स हा सेंट हेलन्समधील काच कारखान्याचा, ली माइनर्स वेल्फेअर खाणकामगारांचा, तर १९१० मध्ये स्थापन झालेला विगन सेंट पॅट्रिक्स आयरिश कॅथलिक वस्तीचा. दशकातली सर्वांत गाजलेली दुपार मात्र हल शहरातल्या कॉवूड्स या संघाची. १९७७–७८ च्या हंगामात जॉन प्लेअर चषकात या हौशी गड्यांनी व्यावसायिक हॅलिफॅक्सला ९–८ असे हरवले. एका गुणाचा फरक, पण पगारी संघाची अब्रू जायला तेवढा पुरेसा होता.

असे विजय विरळाच. एरवी हौशी क्लबांनी पोरे घडवायची आणि मोठ्या क्लबांनी उचलून न्यायची, हाच शिरस्ता. अँडी ग्रेगरी, जो लायडन, शॉन एडवर्ड्‌स हे तिघेही सेंट पॅट्रिक्सच्या तालमीतले. त्यांपैकी एडवर्ड्‌सला ऑक्टोबर १९८३ मध्ये, सतराव्या वाढदिवशी, व्यावसायिक विगन क्लबने ३५,००० पौंड देऊन करारबद्ध केले. शाळकरी खेळाडूसाठी तो तेव्हाचा विक्रमी आकडा होता.

या काळात खेळ विद्यापीठांतही रुजला; १९८१ पासून ऑक्सफर्ड व केंब्रिज लीगच्या नियमांनी एकमेकांशी भिडू लागले. युनियनची जुनी अट सुटायला मात्र आणखी काही वर्षे गेली. १९८७ च्या समझोत्याने हौशी खेळाडूला दोन्ही रग्बी खेळायची मुभा मिळाली. लीगमध्ये एकदा जरी पैसे घेतले असतील, तर युनियनमध्ये त्याला बंदीच होती.