डिस्कार्ड डेक

प्रतिस्पर्ध्याच्या हातातली पाने खेळली जाण्याआधीच त्याला फेकायला लावायची आणि मग त्या रिकाम्या हाताची किंमतही त्याच्याकडूनच वसूल करायची, या कल्पनेवर बांधलेला पत्त्यांचा संच. ट्रेडिंग कार्ड गेम प्रकारातल्या बऱ्याच खेळांत असे डेक आढळतात, पण त्यांचे माहेर ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हाच खेळ (१९९३, निर्माता रिचर्ड गारफिल्ड). आपल्याकडे ‘पान टाकणे’ म्हटले की रमी आठवते. रमीत नको असलेले पान आपण आपल्या मर्जीने टाकतो. इथे हवे असलेले पान दुसऱ्याच्या मर्जीने टाकावे लागते.

मॅजिकच्या नेहमीच्या सामन्यात दोन्ही खेळाडूंचा आपापला डेक असतो, किमान ६० पानांचा. साधे लँड (मंत्रांना लागणारी शक्ती, म्हणजे ‘मना’, देणारी पाने) सोडले तर एका नावाची ४ पेक्षा जास्त पाने ठेवता येत नाहीत. सुरुवातीला हातात ७ पाने, २० लाइफ (ते संपले की हार), आणि दर पाळीला एक नवे पान. या खेळात डेकला ‘लायब्ररी’ म्हणतात, कारण खेळाडू हा मांत्रिक मानलेला आहे आणि हातातली पाने म्हणजे त्या क्षणी त्याला आठवत असलेले मंत्र. ती फेकायला लावणे म्हणजे त्याची स्मृती पुसणे. पानांच्या रंगांपैकी हे काम मुख्यतः काळ्या रंगाकडे आहे आणि माइंड ट्विस्ट, माइंड रॉट, थॉटसीझ ही नावे त्याच कल्पनेतून आली आहेत.

कोणते पान जाणार हे कोण ठरवतो, यावरून डिस्कार्डचे तीन प्रकार पडतात. पहिला नशिबाचा. पहिल्याच संचातला हिप्नॉटिक स्पेक्टर हा उडणारा २/२ क्रीचर (लढणारा प्राणी; ताकद २, टिकाव २). त्याचा फटका बसला की हातातले एक पान न बघता जाते. पहिल्या पाळीला स्वॅम्प (काळा मना देणारा लँड), त्यावर डार्क रिच्युअल, त्यातून मिळालेल्या तीन काळ्या मनांत स्पेक्टर, ही सुरुवात जुन्या खेळाडूंना आजही आठवते. ते त्याला लाडाने ‘हिप्पी’ म्हणत. समोर बसलेला काय म्हणत असेल ते सोडून देऊ. १९९४ च्या ‘फॉलन एम्पायर्स’ संचातले हिम टू टूराक हे दोन मनांचे पान न बघता दोन पाने उडवते. दुसऱ्याच पाळीला त्यात दोन लँड गेले, तर सामना तिथेच संपल्यात जमा. माइंड ट्विस्ट तर जितका मना ओताल तितकी पाने उडवते. त्यावर स्पर्धांत निर्बंध आले ते उगाच नव्हे. पुढच्या काळात असे आंधळे डिस्कार्ड विरळ होत गेले.

दुसऱ्या प्रकारात काय टाकायचे हे ज्याचा हात तोच ठरवतो, म्हणजे सगळ्यात निरुपयोगी पान जाते. हा प्रकार हात भरलेला असताना बोथट आणि शेवटची एक-दोन पाने उरली की धारदार. तिसऱ्यात हात उघडा करून पान आपण निवडतो : ड्युरेस (१९९८), थॉटसीझ (२००७), इन्क्विझिशन ऑफ कोझिलेक (२०१०). तिन्ही एका मनाची. ड्युरेसला क्रीचर आणि लँड उचलता येत नाहीत. इन्क्विझिशन लँड सोडून तीन मनांपर्यंतचेच पान उचलते. थॉटसीझ लँड सोडून काहीही उचलते, पण आपले २ लाइफ घेते.

या पद्धतीत एक मूळचीच खोट आहे. डिस्कार्ड यशस्वी झाले की हात रिकामा होतो, आणि हात रिकामा झाला की आपल्याकडची पुढची डिस्कार्डची पाने रद्दी ठरतात. उलट समोरच्याला दर पाळीला एक नवे पान येतच राहते. डिस्कार्डची बहुतेक पाने ‘सॉर्सरी’, म्हणजे फक्त आपल्याच पाळीत खेळता येणारी, असतात आणि समोरचा ते नवे पान स्वतःच्या पाळीत लगेच खाली टाकून मोकळा होतो. नुसती डिस्कार्डची पाने कोंबलेला नवशिक्याचा डेक इथेच फसतो : पहिल्या चार पाळ्या दरारा, नंतर हात चोळत बसणे.

यावरचे सर्वांत नेटके उत्तर म्हणजे मॉडर्न फॉरमॅटमधला (मॅजिकच्या एका स्पर्धाप्रकारातला) ‘एट-रॅक’ डेक. नावातले आठ म्हणजे द रॅकच्या (१९९४) चार आणि श्रीकिंग अफ्लिक्शनच्या (२०१२) चार प्रती. दोन्ही एकेका मनाची. प्रतिस्पर्ध्याच्या अपकीपला रॅक त्याच्या हातातल्या पानांची संख्या ३ मधून वजा करून तितके नुकसान करते : हातात काही नसेल तर ३, एक पान असेल तर २. अफ्लिक्शन एक किंवा शून्य पान असेल तर सरसकट ३ लाइफ घेते. अपकीप हा नवे पान ओढण्याच्या आधीचा टप्पा, त्यामुळे आलेले पान लगेच खेळून टाकणारा दर वेळी रिकाम्या हाताने सापडतो. आठ प्रती कशासाठी, ते हिशेबातून दिसते. चारच प्रती असत्या तर पहिल्या ७ पानांत एक तरी असण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. आठ असल्या की ती ६५ टक्क्यांच्या आसपास जाते.

या डेकमध्ये क्रीचर जवळजवळ नसतात. त्यामुळे समोरच्याची क्रीचर मारणारी पाने कुजतात, पण ती हातातच कुजतात आणि रॅकपुढे ढालीसारखी उभी राहतात! जाणते खेळाडू जास्तीचे लँडही याच हेतूने धरून ठेवतात. ही ढाल फोडायला रेव्हन्स क्राइम आहे : एका मनात एक पान टाकायला लावते, आणि ‘रिट्रेस’ या गुणामुळे आपल्या हातातला एक लँड टाकून ते ग्रेव्हयार्डमधून (वापरलेल्या पानांच्या ढिगातून) पुन्हा खेळता येते. जोडीला लिलियाना ऑफ द व्हेल (२०११), जी दर पाळीला दोघांनाही एकेक पान टाकायला लावते, आणि तसेच दोघांनाही झळ लावणारे स्मॉलपॉक्स. फ्युनरल चार्म हे इन्स्टंट (समोरच्याच्या पाळीतही खेळता येणारे) असल्याने प्रतिस्पर्ध्याने नवे पान ओढताच, तो ते खेळण्याआधीच, त्याच्या हातातून काढता येते. त्या एका मनाने होणारी चिडचिड पाहण्यासारखी असते.

खरे कौशल्य पहिल्या पाळीच्या थॉटसीझमध्ये लागते. समजा, समोरच्याचा हात उघडला आणि दिसले : दोन लँड, दोन लाइटनिंग बोल्ट (थेट नुकसान करणारी पाने), एक टार्मोगॉइफ आणि एक ब्लडब्रेड एल्फ (हे दोन क्रीचर), एक थॉटसीझ. नजर एल्फवर जाते, पण त्याला चार मना लागतात आणि लँड दोनच आहेत. तोवर त्याला काढायला आणखी संधी मिळतील. बोल्टना मारायला क्रीचरच नाही, फार तर आपल्यावर किंवा लिलियानावर खर्ची पडतील. त्याचे थॉटसीझ आपले एक पान नेईल, नेऊ दे. टार्मोगॉइफ मात्र त्याच्या दुसऱ्याच पाळीला खाली येईल, आणि ग्रेव्हयार्डमध्ये पानांचे जितके प्रकार पडतील तितका फुगेल; ग्रेव्हयार्ड तर आपणच भरणार आहोत. तेव्हा तोच उचलायचा. सर्वांत ताकदवान पान नव्हे, लवकर खाली उतरून आपल्याला नडणारे पान घ्यायचे.

शत्रूही ठरलेले आहेत. लॉक्सोडन स्मायटर किंवा ऑब्स्टिनेट बॅलोथ आपल्यामुळे टाकावे लागले, तर ग्रेव्हयार्डऐवजी थेट मैदानात उतरतात. मॅडनेसची पाने टाकताना कमी किमतीत खेळता येतात. ड्रेज आणि रीअ‍ॅनिमेटर डेकना आपली पाने ग्रेव्हयार्डमध्येच हवी असतात, म्हणजे आपण त्यांचे फुकट हमाल. लेलाइन ऑफ सँक्टिटी या खेळाडूला संरक्षण देणाऱ्या पानामुळे थॉटसीझ आणि रेव्हन्स क्राइम यांना लक्ष्यच उरत नाही; पण रॅक, अफ्लिक्शन आणि लिलियानाचे ‘दोघांनीही टाका’ कुणाला लक्ष्य करत नाहीत, ते चालूच राहतात. थेट लाइफवर मारा करणाऱ्या बर्न डेकविरुद्ध गंमत वेगळी : तो स्वतःच हात रिकामा करतो, पण थॉटसीझचे २ लाइफ त्यालाच देणगी पडतात, म्हणून दुसऱ्या गेमला ते पान साइडबोर्डमध्ये (राखीव पानांत) जाते.

कोनामीच्या यु-गि-ओ या दुसऱ्या कार्ड गेममध्ये डेलिंक्वेंट डुओसारख्या डिस्कार्डच्या पानांवर बंदी आली. मॅजिकच्या चौघांत खेळल्या जाणाऱ्या कमांडर या प्रकारात एकास एक डिस्कार्ड परवडत नाही, कारण एकाचे पान घालवायला आपले पान जाते आणि उरलेले दोघे आयते पुढे निघतात. तिथे वेस्ट नॉट (२०१४) लागते, जे प्रतिस्पर्ध्याने टाकलेल्या प्रत्येक पानामागे आपल्याला झोंबी, मना किंवा नवे पान देते. किंवा टर्ग्रिड (२०२१), जी त्यांनी टाकलेले क्रीचर, लँड वगैरे आपल्या बाजूला आणून ठेवते. टर्ग्रिड कमांडर (डेकचे मुख्य पान) म्हणून मांडली की उरलेले तिघे बहुधा पहिल्यांदा तिच्याच मालकाकडे वळतात.