नापास चिप्सचा संगणक

केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने २३ एप्रिल १९८२ रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक जाहीर केला. १६ केबी मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. बीबीसीच्या संगणक-साक्षरता उपक्रमासाठी संगणक बनवायचं काम त्याआधीच अ‍ॅकॉर्न या प्रतिस्पर्धी कंपनीने पटकावलं होतं. सिंक्लेअरच्या हाती उरलं स्वस्ताईचं हत्यार, आणि ते त्यांनी किती बारकाईने चालवलं हे झाकण उघडल्यावर कळतं.

४८ केबीतल्या वरच्या ३२ केबीसाठी आठ चिप्स होत्या. मुळात त्या प्रत्येकी ६४ किलोबिटच्या (आठ बिटांचा एक बाइट), पण तपासणीत निम्मा भाग नापास झालेल्या. एरवी त्यांना कोण विचारतो? सिंक्लेअरने त्या स्वस्तात उचलल्या आणि धड निम्माच वापरला. आठही चिप्सचा एकच निम्मा चांगला हवा, एवढी निवड करायची. मग तो कुठला, हे बोर्डावर तारेचा छोटा तुकडा जोडून यंत्राला सांगायचं. डागी आंबा स्वस्तात घ्यावा, डाग कापावा आणि उरलेल्याचा आमरस करावा, तसलाच हा प्रकार.

रंगांचा हिशेबही असाच. पडद्यावर २५६ बाय १९२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला आपापला रंग द्यायचा, तर चार-चार बिट धरून २४ केबी लागतात. लहान मॉडेलमध्ये मेमरीच १६ केबी! हार्डवेअर रचणाऱ्या रिचर्ड ऑल्टवॉसर यांनी ठिपक्याला एकच बिट दिला, पेटलेला की विझलेला एवढंच सांगणारा. रंग ठरायचे ८ बाय ८ ठिपक्यांच्या अख्ख्या चौकटीचे, तेही दोनच: एक शाईचा, एक कागदाचा. ६१४४ बाइट ठिपक्यांना, ७६८ रंगांना. पावणेसात केबीत रंगीत पडदा!

किंमत मात्र डोळ्यांना मोजावी लागली. लाल चेंडू हिरव्या झाडापुढून गेला, की त्या चौकटीतलं झाडही लाल व्हायचं. अनेक गेम लिहिणाऱ्यांनी मग खेळाची मुख्य जागा एकरंगीच ठेवली. मला ती चित्रं आजही देखणी वाटतात.

कीबोर्ड म्हणजे रबराची एकच चादर, तिच्यावर उठवलेल्या कळा. 'पी' दाबलं की 'प्रिंट' हा आज्ञेचा अख्खा शब्द उमटायचा, त्यामुळे टायपिंगचा त्रास तेवढाच कमी. प्रोग्रॅम यायचे साध्या ऑडिओ कॅसेटवरून. माहिती आवाजात साठवलेली: शून्य बिटचा आवाज आखूड, एकचा बरोबर दुप्पट लांब. कर्कश किरकिर चालू आणि पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे धावताहेत, असं पाचेक मिनिटं बसायचं. शेवटाला टेप अडखळली, तर कॅसेट मागे घेऊन पुन्हा पहिल्यापासून.

१९८६ मध्ये सिंक्लेअरने हा धंदा अ‍ॅमस्ट्रॅडला ५० लाख पौंडांना विकला. रबरी कळा तोवर गेल्याच होत्या; नव्या मालकांनी कॅसेट रेकॉर्डर थेट कीबोर्डाशेजारी बसवून टाकला. दोन रंगांची चौकट मात्र होती तशीच राहिली.