स्टार्टरमधल्या तीन पट्ट्या

रात्रीच्या पाळीची लाइट आली, हिरवं बटण दाबलं, मोटर चालली आणि दोन-तीन मिनिटांत स्टार्टर खटकन पडला. पुन्हा दाबलं, पुन्हा पडला. अशा वेळी ‘रिले काढून डायरेक्ट कर’ असं सांगणारा कोणीतरी बांधावर असतोच. त्याचं ऐकून जळालेल्या मोटारी मी पाहिल्या आहेत, म्हणून हे लिहितोय.

रिले म्हणजे जादा करंट गेला की मोटर बंद करणारा स्टार्टरमधला भाग. त्याच्या आत तीन फेजच्या तीन पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी म्हणजे एकमेकांना घट्ट चिकटवलेले दोन धातू. एक तापल्यावर जास्त वाढतो, दुसरा अगदी कमी. त्यामुळे तापलेली पट्टी कमी वाढणाऱ्या धातूकडे वाकते. मोटारीचा करंट या पट्टीतून किंवा तिच्याभोवती गुंडाळलेल्या तारेतून जातो. पट्टी पुरेशी वाकली की एक बारीक कॉन्टॅक्ट उघडते, स्टार्टर ओढून धरणाऱ्या कॉइलचा पुरवठा तुटतो आणि मोटर बंद पडते.

5 एचपीची मोटर पूर्ण भारावर साधारण साडेसात अँपिअर घेते. चालू असताना एक फेज गेला, तर तेवढंच काम उरलेल्या दोन फेजना ओढावं लागतं आणि करंट 13 अँपिअरच्या आसपास जातो. करंट पावणेदोन पटही नाही, पण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. म्हणजे त्या दोन फेजच्या वाइंडिंगमध्ये (मोटारीतल्या तारेच्या वेटोळ्यांत) तिप्पट!

फ्यूज इथे उपयोगाचा नाही. सुरू होताना मोटर काही क्षण सहापट करंट घेते. तो सोसायचा तर फ्यूज जाड लागतो, आणि जाड फ्यूजला 13 अँपिअर जाणवतही नाही. पट्टीला मात्र तापायला वेळ लागतो. सुरुवातीचा झटका ती सोसते, रेंगाळणारा जादा करंट सोसत नाही. शॉर्टसर्किटला ती फार संथ पडते, तिथे फ्यूजच हवा.

पडलेला रिले लगेच रिसेट होत नाही, कारण पट्टी अजून वाकलेलीच असते. तेवढ्यात तिन्ही फेज टेस्टरने बघून घ्या. चालत्या मोटारीवर बघू नका. फिरणारी मोटर गेलेल्या फेजवरही व्होल्टेज तयार करते, आणि टेस्टर तिथेही पेटतो.